जुन्या जीपच्या चासीवर इलेक्ट्रिक हॉट रॉड : आंबोली घाट आणि खारी हवा झेपेल का?

वेंगुर्ल्याची_जीप

नमस्कार मंडळी. आजोबांची महिंद्राची जुनी सीजे जीप आमच्या मांगरात उभी आहे. इंजिन जाम, बॉडी खालून खाल्लेली, पण चासीवर हातोडी मारली की खणखणीत वाजते. तिच्यावर इलेक्ट्रिक हॉट रॉड (जुनी गाडी सोलून हलकी आणि वेगवान केलेली) करायची आहे : दोन सीट, टप नाही, मडगार्ड काढलेले. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीमार्गे आंबोली आणि परत, एवढं तिनं करावं. ओळखीचे एकजण म्हणाले ई-रिक्षाच्या सामानावर भागेल. मला ते पटत नाही. मोटर किती, बॅटरी किती, आणि खाऱ्या हवेत हे सगळं टिकवायचं कसं? शिवाय हॉट रॉडचं इंजिन उघडं दिसतं, तेच तिचं रूप. ते राखता येईल का?

कुडाळ_गॅरेज

चासी शाबूत आहे म्हणजे अर्धी लढाई जिंकलास. अनेकजण पद्मिनी घेऊन येतात, पण तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. छप्पर कापलं की गाडी पिळवटते. जीपला शिडीसारखी वेगळी चासी, पुढे सरळ अॅक्सल, खाली पाटे. १९३२ च्या फोर्डवर अमेरिकेतल्या पोरांनी हॉट रॉड केल्या, तिलाही वेगळी चासी आणि सरळ अॅक्सलच होता. मडगार्ड, बोनेट, जे जे निघेल ते काढून वजन उतरवायचं आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायची, हा तो खेळ. तेव्हा तूही आधी वजन उतरव, मोटरचं नंतर बघू.

आता घाटाचं गणित. गाडी दोन माणसांसकट १२०० किलो धर. १० टक्के चढावर ताशी ४० ने जायला चाकावर साधारण १५ किलोवॅट लागतात, तेही सतत. म्हणून मोटरचं कंटिन्युअस रेटिंग, म्हणजे ती सतत देऊ शकते ती ताकद, २० किलोवॅटच्या आसपास बघ. पीकच्या, म्हणजे कमाल ताकदीच्या, मोठ्या आकड्याला भुलू नकोस, तो काही सेकंदांचा असतो आणि आपला घाट काही सेकंदांत संपत नाही. ई-रिक्षाची मोटर दाणोलीच्या पुढेच तापून बसेल.

बॅटरी एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट) घे. ३.२ व्होल्टचे २०० एएचचे (अँपिअर-अवर) ३० सेल म्हणजे ९६ व्होल्ट, १९.२ युनिट. नुसते सेलच सव्वाशे किलोच्या घरात जातात. आंबोली समुद्रापासून सुमारे ६९० मीटर उंच. १२०० किलोची गाडी तिथवर उचलायला सव्वादोन युनिट लागतात, लोकांना वाटतं तितकी वीज घाट खात नाही. जास्त खातो तो वारा, कारण उघडी गाडी वाऱ्याला छाती देऊन चालते. जाऊन येऊन माझ्या हिशेबाने १५-१६ युनिट. पॅक पूर्ण रिकामा करायचा नसतो, म्हणजे बसतं पण काठावर. सावंतवाडीत जेवणाला थांबशील तेव्हा प्लग लाव.

गिअरबॉक्स काढू नकोस. घाटात दुसरा, सपाटीला तिसरा, मोटर थंड राहते. ट्रान्सफर केसही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, राहू दे. जीपचा मागचा डिफरन्शियल मधोमध नसतो, एका बाजूला असतो. ट्रान्सफर केस उडवलीस तर प्रोपेलर शाफ्ट तिरका जाईल आणि सांध्यातला क्रॉस खात बसेल.

रूपाचं म्हणशील तर प्लास्टिकचं खोटं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन पुढे लावू नकोस. मोटरचं ॲल्युमिनियमचं कवच देखणं असतं, ते उघडं ठेव, पण आयपी ६७ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, मोटर घे आणि कनेक्टर खालच्या तोंडाने बसव. ६० व्होल्टच्या वरचा डीसी जीव घेऊ शकतो. बसबार (सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या), कॉन्टॅक्टर (मोठा स्विच), फ्यूज सगळं बंद खोक्यात. उघडं दाखवायचं तर मोटर दाखव, तांबं नको.

बंदरावरचो_वायरमन

मी ट्रॉलरची वायरिंग करतंय, म्हणान सांगतंय. वायरीच्या टोकाचा साधा तांब्याचा थिंबल एका पावसात हिरवा जाता. कलय केलेला घे, वरसून आत डिंक असलेली हीट श्रिंक चढव, नायतर खारा पाणी वायरीच्या आतसून वर चढता. ॲल्युमिनियमच्या खोक्याक स्टीलचो बोल्ट थेट मारू नको, मधी नायलॉनचो वायसर घाल.

कुडाळ_गॅरेज

अगदी बरोबर. त्यात एक भर : बॅटरीचं खोकं ठार बंद केलंस तर दिवसा तापून रात्री गार होताना ते फटीफटीतून दमट हवा आत ओढतं आणि सेलवर दव धरतं. हवा जाईल पण पाणी जाणार नाही असा झडपेचा व्हेंट मिळतो, तो बसवच.

सिंधुदुर्ग_०७

कटर चालवायच्या आधी आरटीओत जाऊन ये. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. इलेक्ट्रिक किटला मात्र वाट आहे. एआयएस-१२३ या वाहन-मानकाप्रमाणे तपासलेलं, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मंजूर केलेलं किट हवं, मग आरसीवर इंधन बदलतं आणि हिरवी पाटी मिळते. घरी जुळवलेल्या मोटरला ते लागू होत नाही. आणि बॉडी कापणं हा वेगळाच प्रश्न, तो लेखी विचार. परवानगी नसेल तर गाडी खाजगी जागेतच.

वेंगुर्ल्याची_जीप

सगळ्यांचे आभार. आरटीओत सोमवारी जातो, तोवर कापाकापी बंद. एक शंका : आंबोलीत मुक्काम करून रात्री फुल चार्ज केली तर उतरताना रीजन, म्हणजे मोटरने गाडी रोखून बॅटरीत परत येणारी वीज, मिळेल ना?

कुडाळ_गॅरेज

नाही मिळणार, आणि हे नीट ध्यानात ठेव. भरलेल्या बॅटरीत वीज जायला जागाच नसते, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) रीजन तोडतो आणि ऐन वळणावर गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. आंबोलीत ८० टक्क्यांवर प्लग काढ. तरीही ब्रेक रीजनच्या भरवशावर सोडू नकोस. जुन्या सीजेला चारी चाकांना ड्रम असतात आणि पाण्यात भिजले की धरत नाहीत. पुढे डिस्क आणि दुहेरी मास्टर सिलिंडर (पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगळा दाब देणारा), मोटरच्या आधी हा खर्च कर. आरटीओच्या अर्जात तेही लिही.