मदत हवी आहे: मोझांबिकमध्ये तुरीचं गोदाम घ्यायचंय, रिस्क कशी जोखायची?

नमस्कार मंडळी, वाशीच्या दाणा मार्केटमध्ये आमचं कडधान्याचं काम आहे, मोझांबिकची गजरी तूर आतापर्यंत ब्रोकरमार्फतच घेत आलोय. आता पार्टनरच्या डोक्यात बसलंय की तिकडे उत्तरेतल्या नंपुला प्रांतात गोदाम भाड्याने घेऊ, शेतकऱ्यांकडून थेट खरेदी करू आणि नकाला बंदरातून माल न्हावाशेवाला आणू. कागदावर मार्जिन झकास दिसतंय, मला त्याचंच टेन्शन आलंय.

पठ्ठ्याने नेटवरून देशाचं रिस्क रेटिंग काढलं आणि म्हणतो, रिस्क आहे पण चालतंय. अरे पण अख्ख्या देशाला एकच मार्क कसे देणार? राजधानी मापुतोत आशियाई वंशाच्या व्यापाऱ्यांची अपहरणं होतात, ऑक्टोबर 2024च्या निवडणुकीनंतर तिथे दुकानं लुटली गेली. उत्तरेला काबो देल्गादो प्रांतात 2017पासून अतिरेकी हल्ले चालू आहेत, 2021ला तिथल्या पाल्मा गावावर हल्ला झाल्यावर गॅसचा एवढा मोठा प्रोजेक्ट, ज्यात आपल्या ओएनजीसी विदेशचाही वाटा आहे, तो ठप्प झाला. आणि तो प्रांत नंपुलाला खेटूनच आहे, 2022मध्ये नंपुलातल्याच मेंबाकडे हल्ले झालेत.

तरी मला बंदुकीपेक्षा कागदांचीच धास्ती जास्त. 2023च्या शेवटी निर्यातदारांच्या भांडणात नकालाला तूर अडकून पडली होती ते आठवत असेल, इकडे भाव कडक आणि तिकडे माल हलेना. असं झालं तर दाद कोणाकडे मागायची, आणि सगळे कागद पोर्तुगीजमध्ये! वर आपल्याकडची तुरीच्या ड्युटी-फ्री आयातीची मुदत सरकार वाढवत राहतं म्हणून धंदा चाललाय, ती रिस्क रेटिंगमध्ये कुठे दिसते?

गोदामाचे फोटो आलेत, पत्र्याची शेड आणि पोती थेट जमिनीवर, खाली लाकडी पॅलेटसुद्धा नाहीत. 2022ला गोम्बे चक्रीवादळ त्याच प्रांतात घुसलं होतं, तेव्हा ही शेड तरली होती का एवढं तरी विचार म्हटलं तर पार्टनर हसतो.

नंपुला-नकालाकडे कोणी काम केलंय का? स्थानिक भागीदाराची चौकशी कोणाकडून करून घेतलीत, वकील मापुतोचा की तिथलाच? ईसीजीसीचा (निर्यातदारांना विमा देणारी सरकारी कंपनी) परदेशी गुंतवणुकीचा विमा आमच्यासारख्या छोट्या फर्मला मिळतो का? आणि गोदामातल्या मालाच्या विम्यात दंगल, लुटालूट धरतात की ते वेगळं घ्यावं लागतं? तिकडचा माणूस ॲडव्हान्ससाठी मागे लागलाय, तेवढं शेवटचं आधी सांगा.