इमेजजे: तोच मॅक्रो, तेच फोटो, तरी घरच्या लॅपटॉपवर उत्तर वेगळं. मदत हवी आहे

पानमोजणी
सोमवारी सरांना तक्ता दाखवायचा आहे आणि दोन दिवस इथेच अडकले आहे. केळीच्या पानावर करपा (डाग पडणारा रोग) किती टक्के आहे ते इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजतेय. आधीच्या बॅचच्या सीनियरने दिलेला मॅक्रो (ओळीने करायच्या कामांची सूचना-फाइल) आहे. लॅबच्या पीसीवर नीट चालतो, घरी चोपड्याला आणला तर उत्तर चुकीचं येतं. एकूण २४० फोटो. लॅपटॉपमध्ये काय बदलू? लवकर सांगा प्लीज.

तापीकाठ
चुकीचं म्हणजे किती? एकाच फोटोचे दोन्हीकडचे आकडे द्या. साधं इमेजजे की फिजी, म्हणजे जोड-प्रोग्राम (प्लगइन) घातलेलं इमेजजे? आवृत्ती कोणती? मॅक्रो नेमकं काय करतो? एवढं कळल्याशिवाय कोणीही अंदाजच सांगेल.

पायथनवाला_धुळे
मॅक्रोचा नाद सोडा. पायथनमधली सायकिट-इमेज ही फोटो तपासायची लायब्ररी वापरा. २००९ पासून चालू असलेला प्रकल्प आहे, फुकट आहे, बीएसडी हा मुक्त वापराचा परवाना आहे. वीस ओळींत काम होतं आणि मधे काय घडलं ते प्रत्येक ओळीवर दिसतं. मी कापसाच्या पानांसाठी हेच केलं. क्लिक करून रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोवर माझा विश्वास नाही.

रावेरचा_बागायतदार
ताई, करपा मोजून काय होणार, आधी आवरा. पाऊस उघडला की आमच्याकडे यावल-रावेर पट्ट्यात तो जोर धरतो. डागाळलेली पानं कापा आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करा, बांधावर टाकू नका. बागेत पाणी साचू देऊ नका, पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) वेळच्या वेळी काढा म्हणजे हवा खेळते. फवारणीत प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकासोबत मिनरल ऑइल घ्या. नुसतं औषध मारलं तर केळीच्या पानावर ठरत नाही भो, ओघळून जातं.

पानमोजणी
दादा, बाग माझी नाही, अभ्यासाचे प्लॉट आहेत. फवारणीचा फरक पडला का हेच तर मोजायचं आहे.
तापीकाठ सर, दोन्हीकडे साधं इमेजजे. लॅबमधलं बरंच जुनं, माझं परवा उतरवलेलं. मॅक्रो डाग निवडून टक्के काढतो.
पायथनवाला दादा, मला पायथन येत नाही आणि सोमवार परवावर आलाय.

तापीकाठ
आकडे?

जुना_मायक्रोस्कोप
पायथनवाले, मॅक्रोला नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्या. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत वेन रास्बँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज लिहायला घेतलं आणि १९९७ मध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेत इमेजजे सुरू केलं, ते कुठल्याही मशीनवर चालावं म्हणून. ते पब्लिक डोमेनमध्ये आहे, परवान्याची अटही नाही. जळगावात आमच्या विभागात विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नव्हते तेव्हा आम्ही पेशी मोजल्या त्या याच्यावरच. मॅक्रो ही साधी मजकुराची फाइल असते. उघडा, वाचा, बदला, पुढच्याला द्या.

पायथनवाला_धुळे
पुढच्याला द्या, बरोबर. इथे पुढच्याला दिला आणि उत्तर बदललं. मी तेच म्हणतोय.

जुना_मायक्रोस्कोप
तुमच्या स्क्रिप्टमध्ये लायब्ररीची आवृत्ती बदलली की काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे.

खान्देशी_मुलगा
विषय थोडा वेगळा, पण सांगावंसं वाटलं. केळीच्या करप्याला सिगाटोका म्हणतात ते फिजी बेटांवरच्या सिगाटोका खोऱ्यावरून. १९१२ च्या सुमारास तो तिथे साथीसारखा पसरला होता. आणि इमेजजेचा प्लगइनांसकटचा जो संच मिळतो त्याचं नाव फिजी. त्या नावाचा बेटांशी संबंध नाही, 'फिजी इज जस्ट इमेजजे' या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. फिजीतला रोग फिजीत मोजायचा, मला हे फार आवडलं.

पानमोजणी
फोटो क्र. १७: लॅब २२.३, लॅपटॉप ७९.२.
फोटो क्र. ४१: लॅब १६.४, लॅपटॉप ८५.१.
पानाचा तुकडा पूर्ण फ्रेमभर आहे, मागचं काही दिसत नाही, म्हणून क्रॉप करत नाही. मॅक्रो खरं तर दोन आहेत. पहिला रंगावरून डाग निवडतो, मास्क (डाग एका रंगात, बाकी दुसऱ्या, असं काळं-पांढरं चित्र) बनवतो आणि फोल्डरमध्ये जेपीईजी म्हणून ठेवतो. दुसरा ते मास्क उघडून एरिया फ्रॅक्शन, म्हणजे डागांनी व्यापलेला टक्का, मोजतो. हे आधी लिहिलं नाही कारण मला वाटलं सगळे असंच करतात.

तापीकाठ
सापडलं. प्रत्येक फोटोच्या दोन्ही आकड्यांची बेरीज करा: १०१.५ आणि १०१.५, जवळपास १००. म्हणजे लॅपटॉप डाग मोजत नाही, उरलेलं हिरवं पान मोजतोय.

इमेजजेत प्रोसेस, बायनरी, ऑप्शन्स असं जा. तिथे 'ब्लॅक बॅकग्राउंड' असा एक चौकोन आहे. त्यावर खूण असेल तर मास्कमध्ये डाग पांढरे, बाकी काळं. खूण नसेल तर इमेजजे उलटी रंगसारणी लावतं, डाग काळे दिसतात. इमेजजेच्या आत दोन्हीकडे डागाच्या पिक्सेलची किंमत (० ते २५५ मधला आकडा) २५५ च असते, त्यामुळे लगेच मोजलं असतं तर फरक कळलाही नसता. पण तुम्ही जेपीईजी केलं. जेपीईजीत जसं दिसतं तसं जातं, काळं म्हणजे ०, पांढरं म्हणजे २५५, त्यामुळे काळे डाग ० होऊन बसतात. एरिया फ्रॅक्शन शून्य नसलेले पिक्सेल मोजतं. झालं उलटं.

ही खूण प्रत्येक मशीनवर वेगळी साठवलेली असते. सीनियरने कधीतरी हाताने केली असणार, मॅक्रोत लिहिली नाही.

पायथनवाला_धुळे
बेरीज १०० का नाही? वरचा दीड टक्का कुठून आला?

तापीकाठ
चांगला प्रश्न. जेपीईजी दाबताना कडेला पुसट ठिपके सोडतं. काळ्या भागात १, २, ५ अशा किमतींचे पिक्सेल येतात. डोळ्याला ते काळेच, पण शून्य नाहीत, म्हणून मोजले जातात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं जास्त मोजलं गेलंय. म्हणजे ताई, लॅबचे आकडेही बरोबर नाहीत.

पानमोजणी
अरे देवा. लॅबचे १५० झालेत, त्यांचा तक्ता सरांना आधीच पाठवलाय. सगळं परत करायचं?

तापीकाठ
डाग निवडायचं काम परत करू नका. ठेवलेले मास्क उघडून १२८ ते २५५ असा थ्रेशोल्ड लावा, म्हणजे तेवढ्याच किमतींचे पिक्सेल धरले जातील, मग मोजा. ठिपके गळून पडतील. लॅपटॉपवर बनवलेले मास्क आधी इन्व्हर्ट करा, म्हणजे काळं-पांढरं उलटं करा.
पुढच्यासाठी तीन गोष्टी मॅक्रोतच लिहा: सुरुवातीला सेटऑप्शन या आज्ञेने ब्लॅकबॅकग्राउंड ट्रू (ती खूण चालू), मग काय मोजायचं ते ठरवणारी सेट मेझरमेंट्सची ओळ (ती निवडही मशीनवरच साठते), आणि मास्क जेपीईजीऐवजी टिफमध्ये ठेवायचे. मग मॅक्रो कुठेही न्या.

जुना_मायक्रोस्कोप
आणि मॅक्रोच्या डोक्यावर दोन ओळी मराठीत लिहून ठेवा: कोणत्या आवृत्तीवर तपासला, फोटो कसे काढले. पुढच्या बॅचचं कोणीतरी याच ठिकाणी बसेल.

रावेरचा_बागायतदार
क्र. १७ चं पान वरून कितवं? खालच्या पानावर करपा असणारच. वरून मोजत या, डाग पहिल्यांदा कितव्या पानावर दिसतो ते लिहा. आम्ही बागेत फिरताना तेच बघतो.

पानमोजणी
दादा, हे खरंच उपयोगी आहे, तक्त्यात रकाना आहे पण मी सगळीकडे भरलेला नाही. उद्या वहीवरून भरते.

फोटो १७ आता दोन्ही मशीनवर २१.५. फोटो ४१ दोन्हीकडे १५.४. खूप खूप धन्यवाद तापीकाठ सर. पण ४१ मध्ये वेगळाच घोळ झाला. करप्याची तीव्रता ठरवायच्या स्टोव्हर-गॉल श्रेणीत ६ ते १५ टक्के म्हणजे ३ आणि १६ ते ३३ म्हणजे ४. हे पान ४ मध्ये टाकलं होतं. आता १५.४ कुठे?

जुना_मायक्रोस्कोप
थांबा. ती श्रेणी अख्ख्या पानासाठी आहे, बागेत उभं राहून डोळ्यांनी ठरवायची. तुम्ही तुकड्याचा फोटो घेताय. डाग जिथे दाट तिथला तुकडा घेतला असेल तर श्रेणी फुगणार. तक्त्यात सरळ टक्के द्या आणि तुकडा पानाच्या कोणत्या भागातला ते लिहा. श्रेणी लावायचीच असेल तर बागेतली नोंद वापरा.

पायथनवाला_धुळे
यावर मी सहमत आहे. १५.४ ला ओढून ३ किंवा ४ करू नका.

पानमोजणी
तुकडे सगळे मध्यशिरेच्या डाव्या बाजूचे, पानाच्या मधल्या भागातले आहेत, डाग पाहून निवडलेले नाहीत. हे लिहिते. श्रेणीचा रकाना काढून टाकते आणि आधीच्या १५० चं सरांना आजच फोनवर सांगते. २४० मास्क बॅचला लावलेत, ६० झालेत. चोपड्यात लाईट टिकली तर रात्रीत होतील.

तापीकाठ
लॅपटॉपची बॅटरी बघून ठेवा. आणि रिझल्ट्सचा तक्ता आपोआप सेव्ह होत नाही, मॅक्रोच्या शेवटी तीही ओळ घाला.