एकाच घरावर तिसऱ्यांदा दावा (इंदूर): नियम ११ चा अर्ज लावावा का?

प्रश्न: रामबाग_इंदूर

नमस्कार. रामबागेतल्या घराची रजिस्ट्री १९९४ ची, एकट्या काकांच्या नावे. काका गेले, आता प्रतिवादी काकू, वय ७४. वादी त्यांच्या दिराचा मुलगा. मागणी अशी की घर एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतले असे जाहीर करावे आणि विक्रीला मनाई द्यावी. वाटणी मागितलेली नाही, ताबाही नाही. पहिला दावा २०१६ मध्ये त्याने मागे घेतला. दुसरा २०२१ मध्ये अदम पैरवीत (पेशीला हजर न राहिल्याने) खारीज झाला. हा तिसरा. समन्स मिळून १२ दिवस झालेत, पुढची पेशी स्टेच्या (तात्पुरत्या मनाईच्या) अर्जावर आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७ नियम ११ लावून दावा सुरुवातीलाच फेटाळून घेता येईल का? आणि इतक्या वर्षांचा खर्च वादीकडून मिळतो का?

दिवाणी_दप्तर

अर्ज लिहिण्याआधी जुन्या दोन्ही फायलींच्या प्रमाणित नकला काढा. सगळे त्या दोन आदेशपत्रिकांवर (न्यायालयाच्या पेशीवार नोंदींवर) अवलंबून आहे.

२०१६ च्या फायलीत दावा मागे घेतला त्या दिवशीचा आदेश वाचा. नवा दावा आणायची परवानगी न्यायालयाने दिली असेल तर वादीला वाट मोकळी आहे. परवानगी नसेल तर आदेश २३ नियम १(४) प्रमाणे त्याच विषयावर पुन्हा दावा आणता येत नाही.

२०२१ च्या फायलीत शेवटच्या पेशीची हजेरी पाहा. आपल्याकडे आदेशपत्रिका हिंदीत असते, तारखेखाली पहिल्या दोन ओळी हजेरीच्या. ‘वादी द्वारा कोई उपस्थित नहीं’ आणि त्याखाली प्रतिवादीचे वकील हजर असतील, तर ती खारिजी आदेश ९ नियम ८ ची. नियम ९ मुळे त्याच वादकारणावर (दाव्यामागच्या कारणावर) नवा दावा बंद. वादीने ३० दिवसांत जुना दावा पुनर्स्थापित करण्याचा अर्ज द्यायला हवा होता. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंनी कोणीच नसेल, तर ती नियम ३ ची खारिजी, आणि नियम ४ प्रमाणे मुदतीत असेल तर नवा दावा चालतो. ‘अदम पैरवी’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच लिहितात, म्हणून लोक फसतात. प्रतिवादीच्या वकिलाची त्या एका दिवसाची हजेरी इथे घर वाचवू शकते.

आता नियम ११. त्यात न्यायालय फक्त वादपत्र (वादीचा लेखी दावा) आणि त्यासोबतचे कागद पाहते. तुमचे म्हणणे, तुमची रजिस्ट्री, काही पाहत नाही. वादीने जुने दावे लपवले असतील तर नुसत्या नकला जोडून हा अर्ज टिकणे कठीण; पूर्वन्यायाचा (आधी ठरलेला वाद पुन्हा चालत नाही, हा) मुद्दा नियम ११ खाली ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तसे असेल तर जबाबदाव्यात (तुमच्या लेखी उत्तरात) आक्षेप घ्या आणि आदेश १४ नियम २ खाली तो प्राथमिक वादप्रश्न म्हणून आधी ठरवायला सांगा.

घड्याळ मात्र थांबत नाही. जबाबदावा ३० दिवसांत, फार तर ९० मध्ये. ‘नियम ११ चा निकाल लागू द्या, मग जबाब देऊ’ असे म्हणत बसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. दोन्ही एकत्र दाखल करा.

नक्कल_विभाग

स्टेबद्दल. ‘काकू घर विकतील’ ही वादीची भीती असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ पुढे ठेवा. दावा चालू असताना घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक असतोच. मग स्टे नाही मिळाला तर वादीचे भरून न येणारे नुकसान कोणते? महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदवावी लागते, मध्य प्रदेशात ती अट नाही. पुण्या-वडोदऱ्याचा सल्ला वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

पण हेच कलम अशा दाव्यांचे हत्यारही आहे. स्टे नसला तरी दावा चालू आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक मागे सरते, बँक कर्ज देत नाही. वादीला जिंकायचे नसते, प्रकरण चालू ठेवायचे असते. म्हणून प्रत्येक पेशीला हजर राहा. विनाकारण पुढची तारीख मागितली गेली की आदेश १७ नियम १ दाखवून आक्षेप आदेशपत्रिकेत लिहून घ्या: एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाही, आणि खर्च बसवायचा आहे.

खर्चाबाबत खोटी आशा देत नाही. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली भरपाई मिळते, पण संहितेतली मर्यादा ३,००० रुपये. कलम ३५ खाली प्रत्यक्ष खर्च मागता येतो, तरी आपल्याकडच्या निकालात वकीलफी ‘प्रमाणित झाल्यास किंवा तक्त्याप्रमाणे, जे कमी असेल ते’ अशी धरतात. फी पावतीनेच द्या आणि वकिलाचे फी-प्रमाणपत्र निकालाआधी फायलीत लावा. ते नसेल तर मिळायचे तेही मिळत नाही. अशा दाव्यात एका म्हाताऱ्या बाईच्या आयुष्याची वर्षे जातात आणि कायदा तीन हजारांवर थांबतो, हे बदलायलाच हवे.

रामबाग_इंदूर

आभार. वादपत्राच्या परिच्छेद ९ मध्ये ‘पूर्वीचे दोन दावे तांत्रिक कारणाने निकाली’ एवढाच उल्लेख आहे. वादकारणाची तारीख मात्र गेल्या महिन्याची, ‘प्रतिवादीने हक्क नाकारला’ म्हणून.

दिवाणी_दप्तर

मग तुमचा अर्ज बराच भक्कम झाला. वादपत्रातच ज्यांचा उल्लेख आहे त्या दाव्यांचे आदेश वादपत्राचाच भाग म्हणून वाचायला मागा. परिच्छेद ९ आणि वादकारणाचा परिच्छेद अर्जात शेजारी-शेजारी उतरवा. हक्क जाहीर करून मागण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे तीन वर्षे, आणि ती हक्क ‘पहिल्यांदा’ उत्पन्न झाल्यापासून. ज्याने २०१६ च्या आधीच तोच दावा लावला होता, त्याचा हक्क गेल्या महिन्यात कसा उत्पन्न झाला? शब्दांच्या चतुराईने उभे केलेले असे वादकारण सुरुवातीलाच खुडून टाका, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्येच सांगितले आहे.

कोर्टफी कमी भरल्याच्या मुद्द्यावर भर देऊ नका. न्यायालय वादीला दुरुस्तीला वेळ देते, आणि त्याचे वादपत्र तुमच्याच हातून सुधारून निघते. कुटुंबाचा पैसा होता की नाही, तेही नियम ११ मध्ये आणू नका. तो पुराव्याचा प्रश्न आहे, जबाबदाव्यात घ्या.

नक्कल_विभाग

एक राहिले. वादपत्र फेटाळले गेले तर त्याच आठवड्यात जिल्हा न्यायालयात कॅव्हिएट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) लावा. अपिलाची मुदत ३० दिवस, कॅव्हिएट ९० दिवस टिकते. आणि मध्येच ‘थोडे पैसे द्या, मिटवू’ असा निरोप आला तर बाहेर तोंडी काही ठरवू नका. जे ठरेल ते आदेश २३ नियम ३ खाली लेखी, दोघांच्या सह्यांनी, न्यायालयासमोरच.