गोव्याचं लोहखनिज: अवलंबित्व सिद्धांत की साधनसंपत्तीचा शाप?

डिचोली_अर्थशास्त्र: एम.ए.च्या सेमिनारसाठी विषय घेतलाय. मुरगाव बंदरातून खनिज कच्चंच गेलं, पोर्तुगीज काळात जपानला, नंतर चीनला. याला कुठला सिद्धांत लावायचा, अवलंबित्वाचा (कच्चा माल विकणारे देश श्रीमंत देशांवर अवलंबून राहतात) की साधनसंपत्तीच्या शापाचा? आणि अवलंबित्वाचा आधार असलेला प्रेबिश-सिंगर या अर्थतज्ज्ञांचा सिद्धांत आकड्यांवर तपासतात कसा?

मांडवीकाठ: दोन्ही एक समजू नका. प्रेबिश आणि सिंगर यांचं १९५० चं म्हणणं भाव घसरण्याबद्दल आहे: पक्क्या मालाच्या तुलनेत कच्चा माल दीर्घकाळात स्वस्त होत जातो. शापाचा सिद्धांत भाव चढल्यावर काय बिघडतं ते सांगतो. मजूर, ट्रक, कर्ज सगळं खाणीकडे ओढलं जातं आणि शेती ओस पडते.

तपासायला निर्यात भावाचा निर्देशांक भागिले आयात भावाचा, गुणिले १००. समजा खनिज १०० वरून ११० वर गेलं, यंत्रं १३७.५ वर. उत्तर ८०. म्हणजे १०० टनांत येणाऱ्या यंत्राला आता १२५ टन मोजावे लागतात.

घोळ होतो तो पायाभूत वर्षात, म्हणजे ज्या वर्षाचा भाव १०० धरतात त्यात. २०११ ची तेजी पायाला धरली की घसरण आपोआप दिसते. दुसरं, जाहीर होणारा भाव सहसा ६२ टक्के लोहांशाचा असतो. गोव्याचं बरंचसं खनिज त्याखालचं, तेव्हा तोच भाव लावू नका. तिसरं, जहाजभाडं. प्रेबिशने वापरलेल्या ब्रिटिश आकड्यांत आयातीच्या (म्हणजे कच्च्या मालाच्या) भावात भाडं धरलेलं होतं, निर्यातीच्या (पक्क्या मालाच्या) नाही. भाडं उतरलं तरी कच्चा माल स्वस्त झाल्यासारखा दिसतो. टीकाकार इथेच बोट ठेवतात.

डिचोली_अर्थशास्त्र: पण गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या रांगेत. मग शाप कसला?

सांगे_वाचक: त्या आकड्यात पर्यटनही आहे, म्हणून तालुकावार बघा. शिवाय तिथे खनिजाची विक्री उत्पन्न म्हणून धरतात, जमिनीतून गेलेला साठा वजा होत नाही. भाट (बागायत) विकून आलेले पैसे कोणी पीक म्हणून मांडत नाही!

माझ्या मते संस्थांचा सिद्धांत इथे जास्त उपयोगी: साधनसंपत्ती शाप ठरते की नाही, ते कायदे आणि सरकार कसं चालतं त्यावर ठरतं. बोत्स्वानात १९६७ मध्ये हिरे सापडले, तरी देश सावरला, कारण सरकारने आपला हिस्सा पक्का केला. इथल्या पोर्तुगीज सवलतींचे (पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणकामाच्या हक्कांचे) १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे झाले. ते २२ नोव्हेंबर २००७ ला संपले होते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. तरी २०१२ च्या बंदीपर्यंत जवळपास पाच वर्षं उत्खनन चालूच होतं. त्याच निकालात विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी सांगितलाय. सेमिनारमध्ये तो परिच्छेद आधी मांडा, निर्देशांक नंतर.