मॉडेल रेल्वे: दोन कॉइल मोटरा एकाच बटणावर घेतल्या की क्रॉसओव्हर अर्धवट बदलतो

रूळजोड:
एचओ (१:८७ प्रमाणाचा) मॉडेल रेल्वे लेआउट, डीसीसीवर (रुळांतूनच इंजिनांना डिजिटल आदेश देणारी पद्धत). आठ पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) आहेत, सगळ्यांना बेसबोर्डखाली पेको पीएल-१० प्रकारच्या दोन कॉइलच्या मोटरा. पुरवठा १६ व्होल्ट एसी, १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून थेट पुश बटणांना. वायर सगळीकडे ७/०.२ (०.२ मिलिमीटरच्या ७ तारांची). पॅनेलपासून क्रॉसओव्हर (दोन शेजारचे रूळ जोडणारी दोन पॉइंटची जोडी) ५ मीटरवर आहे. एकेकटा पॉइंट बदलतो, पण क्रॉसओव्हरचे दोन्ही एका बटणावर जोडले की एक पूर्ण बसतो आणि दुसरा मध्येच थांबतो. बटण दाबून ठेवले तर मोटर तापते. ट्रान्सफॉर्मर मोठा घ्यावा का?

शिवाय पुढच्या दोन पॉइंटना सावकाश सरकणाऱ्या मोटरा लावायच्या आहेत. त्यांचे फ्रॉग (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचे आहेत, ते कसे जोडायचे?

तांब्याची तार:
ट्रान्सफॉर्मर बदलू नका, सीडीयू (कपॅसिटरमध्ये वीज साठवून एका झटक्यात सोडणारे सर्किट) लावा. या मोटरच्या एका कॉइलचा रोध साधारण ४ ओहम असतो. दोन समांतर जोडल्या की २ ओहम. १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर एवढा प्रवाह देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळते आणि ज्या पॉइंटचे घर्षण थोडे जास्त तो मागे राहतो. मोठा ट्रान्सफॉर्मर घेतलात तर दोन्ही बदलतील खरे, पण एखादे बटण अडकले तर कॉइल काही सेकंदांत जळेल. ही कॉइल क्षणभराच्या धक्क्यासाठीच बनवलेली असते.

सीडीयू घरी सहज होतो. १६ व्होल्ट एसी १ अँपिअरच्या ब्रिज रेक्टिफायरला द्या, पुढे १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, मग ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर. २५ व्होल्टचा कपॅसिटर घेऊ नका. भार नसताना ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टच्या आसपास देतो आणि रेक्टिफायरनंतर ते २४ होतात. कपॅसिटरचे धन टोक बटणांच्या सामाईक वायरला, ऋण टोक मोटरांच्या सामाईक वायरला. आउटपुटवर एक १एन४००७ डायोड उलटा टाका, पट्टीची बाजू धनाकडे. कॉइलचा प्रवाह तुटताना येणारा उलटा झटका तो गिळतो. आठही पॉइंटना एकच सीडीयू पुरतो.

बटण दाबून धरले तरी रेझिस्टरमधून जेमतेम १५० मिलिअँपिअर जातात, त्याने कॉइल जळत नाही. क्रॉसओव्हरसाठी ४७०० चे दोन कपॅसिटर समांतर लावा. पूर्ण भरायला मग काही सेकंद लागतील, तेवढे थांबून पुढचे बटण दाबा.

बटणेही तपासा. सीडीयूचा पहिला झटका ५ अँपिअरच्या आसपास असतो. अर्ध्या अँपिअरच्या छोट्या बटणांचे संपर्क त्यात हळूहळू चिकटतात.

आणि वायर. ७/०.२ म्हणजे ०.२२ चौरस मिलिमीटर. ५ मीटर जाऊन परत ५ मीटर, म्हणजे जवळपास ०.८ ओहम. २ ओहमच्या जोडीपुढे हे फार झाले, चौथा हिस्सा जोर वाटेतच जातो. १६/०.२ वापरलीत तर तोच रोध ०.३५ ओहमच्या आत येतो. सामाईक वायर त्याहून जाड, २४/०.२, ठेवा.

बेसबोर्डखाली:
वरचे सगळे बरोबर, पण त्याआधी मोटर सुटी करून पॉइंट बोटाने बदलून बघा. ब्लेड (सरकणारे टोकदार रूळ) दोन्ही बाजूंना खटकन बसली पाहिजेत. मग मोटर लावून तिचा दांडा हाताने सरकवा: टायबारच्या (दोन्ही ब्लेड जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) दोन्ही टोकांना हालचाल सारखी उरते का? मोटर १ मिलिमीटरही एका बाजूला सरकली असेल तर एक दिशा नेहमी अर्धवट राहते आणि दोष विजेला दिला जातो. बेसबोर्डमधले भोक दांड्याच्या पूर्ण फेरीपेक्षा मोठे हवे. कडेला घासत असेल तर सीडीयूसुद्धा हरेल. खडी चिकटवताना टायबारखाली गेलेला गोंद हे आणखी एक नेहमीचे कारण.

कॉइल ओळखायला मल्टिमीटर लावा. चार पायांपैकी ज्या दोघांत ४ ओहम दिसतात ती एक कॉइल. प्रत्येक कॉइलचा एक पाय एकत्र जोडून सामाईक करा. क्रॉसओव्हरमधली एक मोटर उलटी बसवलेली असेल तर तिच्या कॉइलींची अदलाबदल करा, नाहीतर एक सरळ आणि एक वळणावर जाईल.

मोटरांचा पुरवठा डीसीसीपासून वेगळाच ठेवा. पॉइंटचा झटका रुळांच्या पुरवठ्यातून घेतला तर इंजिने अडखळतात.

रूळजोड:
दांडा घासत होता हे खरे निघाले, भोक मोठे केले. सीडीयू आणि १६/०.२ वायर लावतो. फ्रॉगचे आणि सावकाश मोटरचे सांगाल का?

फ्रॉगवाला:
टॉर्टॉइज प्रकारची (सावकाश सरकणारी) मोटर धरून सांगतो. १२ व्होल्ट डीसी, शेवटाला पोहोचून अडली की सुमारे १५ मिलिअँपिअर घेत राहते. हे तिचे नेहमीचे काम आहे, पुरवठा तोडायचा नाही. म्हणून इथे सीडीयू नको आणि ७/०.२ वायर पुरते. मोटर १ आणि ८ या टोकांवर. दोन बाजूंचा, दोन पोलचा टॉगल घ्या: पुरवठा एका टोकाच्या जोडीला, तिथून तिरपे दुसऱ्या टोकाच्या जोडीला, मोटर मधल्या जोडीला. मोटरच्या एका वायरमध्ये दोन एलईडी एकमेकांना उलटे समांतर करून टाकलेत तर पॅनेलवर दिशा दिसते. वेगळा रेझिस्टर लागत नाही, मोटरच प्रवाह आवरते.

पेकोचा पॉइंट असेल तर टायबारजवळची स्प्रिंग काढा. ती ठेवली तर मोटर तिच्याशी झगडत बसते.

फ्रॉगची वायर ४ क्रमांकाला, बाजूचे दोन मुख्य रूळ २ आणि ३ ला. फ्रॉगनंतरच्या आतल्या दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जॉइनर हवेतच. पॉइंट बदलून पूर्ण बसल्यावर शॉर्ट आला तर २ आणि ३ ची अदलाबदल करा. बदलताना मध्येच क्षणभर शॉर्ट येत असेल तर कारण वेगळे आहे: ब्लेड फ्रॉगला विजेने जोडलेले आहेत. मोटरला सरकायला दोन-तीन सेकंद लागतात, आतला स्विच आधी पलटतो आणि ब्लेड तेव्हा अजून जुन्याच रुळाला टेकलेले असते. पॉइंट उलटा करून ब्लेड आणि फ्रॉगमधले जोड तोडा आणि प्रत्येक ब्लेड आपल्या बाजूच्या मुख्य रुळाला छोट्या वायरने झाळा. डीसीसीवर हे करायलाच हवे, कारण बूस्टर (रुळांना डीसीसीचा पुरवठा देणारे यंत्र) एवढ्यानेही ट्रिप होतो. रूळ बसवण्याआधी करा. नंतर तिथे सोल्डरिंग आयर्न पोहोचत नाही आणि स्लीपर वितळतात.