'नाइट'मधला के मुका कधी झाला? इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चारांची फारकत

जिज्ञासू:
सरदार या अर्थाच्या 'नाइट'मध्ये आधी के, मध्ये जीएच, आणि सगळे मुके. उच्चार बदलले म्हणतात, पण कोणते आणि कधी? स्पेलिंग मागेच का राहिलं? कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी पण त्यातलाच का?

ध्वनिवेध:
ही अक्षरं मुळात मुकी नव्हतीच. १४व्या शतकात हा शब्द 'क्निख्त' असा म्हणत, जीएचचा ख् घासून. पुढे तो ध्वनी बहुतेक ठिकाणी गळला आणि आधीचा इ दीर्घ झाला. 'लाफ', 'इनफ'मध्ये मात्र त्याचा फ झाला. सुरुवातीचा क् टिकला तो १७व्या शतकाच्या अखेरीपर्यंत.

खरी उलथापालथ दीर्घ स्वरांची. साधारण १४०० ते १७०० या काळात ते एकेक पायरी वर सरकले, म्हणजे ते म्हणताना जीभ आधीपेक्षा उंच जाऊ लागली. 'नेम' तेव्हा जवळजवळ आपल्या 'नाम'सारखा होता, शेवटी हलका अ. तोच अ आज मुका ई म्हणून उरलाय. 'फूड' होता 'फोड'. ई आणि ऊ आधीच सगळ्यात वर, त्यांना चढायला जागाच नव्हती. ते फुटून जोडस्वर झाले: 'टीम'चा 'टाइम', 'हूस'चा 'हाउस'. ऱ्हस्व स्वर बहुतेक जागीच राहिले, म्हणून 'डिव्हाइन' पण 'डिव्हिनिटी'.

इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टननं लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६ साली, म्हणजे हे सगळं चालू असतानाच. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, उच्चार पुढे निघून गेले.

जुनी अक्षरं:
'डेट'चा बी वेगळ्या जातीचा. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता, इंग्रजीत तो कधी उच्चारलाही गेला नाही. लॅटिन 'डेबिटुम'शी नातं दिसावं म्हणून पंडितांनी मागाहून घातला. 'डाउट'चंही तेच. 'आयलंड'चा एस तर चक्क चुकीचा: शब्द अस्सल इंग्रजी, लॅटिन 'इन्सुला'शी संबंध नाही, पण 'इन्सुला'वरून फ्रेंचमार्गे आलेल्या, बेट याच अर्थाच्या 'आइल'चा नातलग समजून एस चिकटवला.

ओळखायचं कसं? शब्द जर्मन कुळातला असेल तर जर्मनमधलं भावंड बघा. 'नाइट'चं भावंड 'क्नेख्त', गुडघ्याच्या 'नी'चं 'क्नी'. तिथे ध्वनी जिवंत असेल तर अक्षर बहुधा खरं आहे. फ्रेंचमधून आलेला असेल तर मोठ्या कोशात १५व्या शतकापूर्वीची रूपं तपासा. तिथे अक्षर नसेल तर ते मागाहून आलंय. आजच्या फ्रेंच स्पेलिंगवरून ठरवू नका, तिथेही अशी भर पडलेली आहे.

जिज्ञासू:
मग मांसाचा 'मीट' आणि 'ग्रेट', दोन्हींत ईए असून उच्चार वेगळे कसे?

ध्वनिवेध:
ईए हा उघड्या तोंडाच्या लांब 'ॲ'जवळचा स्वर होता, डबल ई हा बंद 'ए'चा. ईएवाले शब्द चढत चढत शेवटी 'ई'ला पोहोचले, म्हणून मांसाचा आणि भेटण्याचा 'मीट' आज एकच ऐकू येतो. 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' आधीच्या पायरीवर थांबले. 'ब्रेड', 'डेड'मध्ये स्वर ऱ्हस्व झाला आणि ते या चढणीतून सुटले. हे सगळं एका दमात झालं नाही: १८व्या शतकाच्या सुरुवातीच्या कवितेत चहाच्या 'टी'चं यमक 'ओबे'शी जुळवलेलं सापडतं.