चिठ्ठीखाली नाव घातलंत का? (अनुभव सांगा)

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि भांडण रोज. गेल्या सभेत ठरलं, तक्रारी निनावी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायच्या. पहिल्या चिठ्ठीत व्हॉल्व्हची चावी कुणाकडे असते आणि आधी कुणाची टाकी भरते, हे वेळेसकट होतं. दुसरीत सेक्रेटरींच्या सुनेच्या कपड्यांवर शेरा. डबा तिथंच बंद झाला, पाण्याचा मुद्दाही त्याच्यासोबत गेला. दुसरी चिठ्ठी कुणाची ते कळलं नाही. पाण्याचा विषय बुडालेला ज्याला हवा होता त्याचीच असावी, असा आपला माझा संशय. पहिली माझी होती.

तुम्ही नाव न घालता, किंवा मुद्दाम नाव घालून, आपल्याच माणसांत खरं बोललात का? काय झालं?

कडक भाकरी
आई पूर्वभागात विड्या वळायची, दिवसाला हजार. त्यातल्या किती 'छाट' म्हणून बाजूला जाणार ते तपासणाऱ्याच्या मर्जीवर. छाट फारच निघायला लागली तेव्हा बायकांनी मालकाला निनावी चिठ्ठी द्यायचं ठरवलं. सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या. मराठी नीट लिहिणारी मी एकटी, आठवीतली. वळणदार अक्षरात लिहिलं, शेवटी 'आपल्या विश्वासू'सुद्धा घातलं. दुसऱ्या दिवशी तपासणारा आईला म्हणाला, "पोरगी हुशार दिसतीय की तुझी." पुढचे आठ दिवस सगळ्यात जास्त छाट आईची.

मग एका अक्कानं डोकं चालवलं. नवा अर्ज, आणि मजकुराभोवती गोल सह्या नि अंगठे. पहिली सही कुणाची, कुणी सांगावं? तीसेक बायका होत्या. छाट कमी झाली. (संपली नाही.)

सात रस्ता
निनावी लिहिणारे भेकड. मी तोंडावर बोलतो.

भाडेकरू
दादा, घर स्वतःचं असेल तुमचं. मी एकदा तोंडावर बोलले, अकरा महिन्यांचा करार पुढं वाढला नाही.

बाहेरची सदस्य
मी एका ऑफिसच्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. तक्रार लेखी लागते, आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्याला प्रत जाते, कारण त्यालाही उत्तर द्यायचा हक्क आहे. बाहेर मात्र नाव फोडायचं नाही, कलम १६. एक मुलगी आली, सगळं सांगितलं, सही करताना पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही नाही सांगणार. पण मला जिन्यात तिघांनी बघितलंय." तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते. ती परत आली नाही. आता मी पगाराच्या दिवशी तिथं बसते. त्या दिवशी जिन्यात सगळेच असतात.

शेंगाचटणी
आमच्या भिशीत एकीनं तीन महिने पैसे दिले नव्हते. सगळ्यांना ठाऊक, कुजबुज जोरात, तोंडावर कुणी बोलेना. शेवटी सासूबाईंनीच भर चहात विचारलं, "पैसे कधी देलालीस गं?" ती रडायलाच लागली. नवऱ्याचे यंत्रमाग बंद पडलेले, घरात सांगायची सोय नाही. पुढच्या महिन्यात चिठ्ठी काढलीच नाही, भिशी तिला दिली. दोघीजणी त्यावरून रुसल्यात. कोण, ते इथं सांगत नाही.